गोमाजीच्या दुपट्ट्याची चौकडी

आमच्या आंधळगावात गेल्या सहा-सात वर्षांत निम्मी माणसं रुंद झाली आहेत. अंगानं नव्हे, कागदावर. कोणाचंही ओळखपत्र काढून पाहा. समोर उभा असतो सडपातळ, लांब मानेचा माणूस आणि कार्डावर असतो कोणीतरी गालफुगा, बसक्या नाकाचा गृहस्थ. हे सगळं भूपेंद्रच्या हातचं काम आहे.

भूपेंद्र बसस्टँडजवळ ऑनलाइन सेंटर चालवतो. दाखले, सातबारा, परीक्षेचे फॉर्म, सगळं तिथंच होतं. प्रत्येक अर्जाला फोटो लागतो आणि प्रत्येक अर्जाची मागणी वेगळी. इतके पिक्सेल रुंद, तितके उंच, अमुक केबीच्या आत. एक पिक्सेल कमी-जास्त झाला तर साइट फोटो घेत नाही. यावर भूपेंद्रजवळ एकच औषध आहे. तो मोबाइलनं माणसाचा उभा फोटो काढतो, कॉम्प्युटरवर घेतो, रुंदी आणि उंचीच्या दोन चौकटींत मागितलेले आकडे टाइप करतो आणि बटण दाबतो. त्या दोन चौकटींच्या मधे एक लहानशी साखळी काढलेली असते. ती जोडलेली असली की रुंदी बदलल्यावर उंचीही त्याच प्रमाणात बदलते आणि चेहरा बिघडत नाही. भूपेंद्र ती साखळी सगळ्यात आधी तोडतो. ती मधेमधे करते, असं त्याचं म्हणणं. वरचा-खालचा जादा भाग कापून मग आकार द्यावा, हे त्याला ठाऊक नाही असं नाही. पण कापायचं तर फोटोतल्या माणसाकडे पाहावं लागतं. ताणायला पाहावं लागत नाही.

याला तो 'फोटो बसवणं' म्हणतो. बसला का, असं तो स्वतःलाच विचारतो आणि साइटनं हिरवी खूण दाखवली की बसला, असं स्वतःलाच सांगतो. या सगळ्यात खुर्चीवर बसलेल्या माणसाकडे एकदाही मान वळत नाही.

गावही कमी नाही. आपलं तोंड कार्डावर परातीसारखं पसरलेलं पाहून एकानंही तक्रार केली नाही. उलट सरकारी फोटो असाच असतो, अशी सगळ्यांची समजूत झाली. मागच्या वर्षी एका मुलीनं तुमसरहून नीट कापलेला फोटो करून आणला, तर तिच्या बापानं तो बाजूला ठेवायला लावला. हा घरचा फोटो दिसतो, फॉर्मचा वाटत नाही, म्हणाला. मुलगी निमूटपणे भूपेंद्रकडे जाऊन रुंद होऊन आली.

भूपेंद्र माझा विद्यार्थी. पंचवीस वर्षांपूर्वी, आमच्या जिल्ह्याचे दोन झाले त्या वर्षी, मी सालेकशाकडच्या शाळेतून बदली होऊन इथं आलो, तेव्हा तो चौथीत होता. दुप्पट, निमपट, पाऊणपट हे सगळं त्याला मीच शिकवलं. शेजाऱ्याच्या पाटीवरून उत्तर आधी उतरवून घ्यायचं आणि मग वर काहीतरी रीत लिहायची, ही त्याची पद्धत. उत्तर बरोबर असायचं. मी त्याला पास केलं.

गोमाजी वारला तो मार्गशीर्षात. कोष्टीपुऱ्यात हातमाग चालवणारे आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत, त्यातला तो एक. तो चौकडीचे दुपट्टे विणायचा, खांद्यावर टाकायचे, सुती, एक इंची चौकडीचे. फोटोचा त्याला कंटाळा. आधार कार्डावर त्याच्या चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग आहे. मुलाच्या लग्नाच्या अल्बममध्ये तो एकदाच सापडतो, तेही पाठमोरा, वाढप्याला काहीतरी सांगताना. मुलाच्या मोबाइलमध्ये काही फोटो होते, ते मोबाइलसोबत गेले. उरला एकच. विणकराच्या ओळखपत्रासाठी तीन वर्षांपूर्वी भूपेंद्रनं बसवलेला. त्या अर्जाला दोनशे चाळीस बाय दोनशे चाळीस पिक्सेलचा चौरस फोटो हवा होता. कार्ड हातात आलं तेव्हा गोमाजी स्वतःच हसला होता. "सरकारले मोठं तोंड लागते, गुरुजी," असं मला म्हणाला आणि पुन्हा मागावर जाऊन बसला.

तेरवीला चार दिवस राहिले होते. गोमाजीचा मुलगा अश्विन बुटीबोरीला कंपनीत असतो. तो भूपेंद्रकडून मोठी फ्रेम करून घेऊन आला. भूपेंद्रनं तोच चौरस फोटो घेऊन एक वीत उंच, दीड वीत रुंद असा आणखी ताणला होता, कारण तयार फ्रेम आडवी होती. मागे निळं तळं, तळ्यात कमळं, वर सोनेरी अक्षरांत नाव. मधोमध एक मोठं, पसरट, चौकोनी तुकड्यांत फुटलेलं तोंड.

शेवंताबाईंनी, म्हणजे गोमाजीच्या बायकोनं, ती फ्रेम हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवून दिली. या माणसाला मी हार घालणार नाही, एवढंच म्हणाल्या. नातेवाइकांनी समजूत काढली. दुःखात माणूस असं बोलतो, असं एकमेकांना सांगितलं. नणंदेनं फ्रेम सरळ केली. शेवंताबाईंनी ती पुन्हा भिंतीकडे वळवली. असं दोन-तीनदा झालं तेव्हा अश्विन माझ्याकडे आला.

मी गेलो तेव्हा त्या मागाजवळ, विणकर पाय सोडतो त्या खड्ड्याच्या कडेला, जमिनीवर बसल्या होत्या. मागावर अर्धा विणलेला दुपट्टा तसाच होता. मी काही विचारायच्या आत त्यांनीच सांगितलं.

"गुरुजी, बेचाळीस वर्षं पाह्यला तो माणूस. रोज या खड्ड्यात पाय सोडून बसे, मी इथून पाहो. आता लोकं येतीन, त्या फोटोले हात जोडतीन, अन् मी कोणाच्या पाया पडू? मले माहा माणूस द्या. बाकी काई नोको."

मी फ्रेम काखेत मारली आणि बसस्टँडवर गेलो.

भूपेंद्रनं खुर्ची दिली, चहा मागवला. आदरात तो कधी कमी पडत नाही. मी फ्रेम टेबलावर ठेवून हा कोण म्हणून विचारलं. त्यानं खालचं नाव वाचून दाखवलं. मी म्हटलं, नाव मला वाचता येतं, तोंड कोणाचं ते सांग. त्यावर त्यानं साइज सांगितली. फ्रेमच्या मापात एक सूतही इकडे-तिकडे नाही, हवं तर पट्टी लावून पाहा, असंही म्हणाला.

"अन् कार्डाचा फोटो?"

"थो बी बरोबर होता जी. साइटनं एका दमात घेतला. साइटले पसंत, तर बाकीच्याईले काय तरास आहे?"

"तेरवीला साइट जेवायला येणार आहे का?" मी म्हटलं.

तो हसला. मी गंमत करतो आहे असंच त्याला वाटलं.

मूळ फोटो आहे का, हे मी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं. नव्हता. मोबाइलमधले फोटो तो रोज संध्याकाळी पुसून टाकतो, जागा होत नाही म्हणून. त्याच्याजवळ होती ती फक्त अर्जाला जोडलेली चौरस फाइल. माणसं येतात, खुर्चीवर बसतात, पसरट होतात आणि संध्याकाळी पुसली जातात. सात वर्षं हे चाललं आहे आणि या गृहस्थाला त्यात काही चुकतंय असं एकदाही वाटलेलं नाही.

पण गोमाजीच्या घरचं रडणं त्याच्याही कानावर गेलं असावं, कारण त्यानं लगेच उपाय सुचवला. म्हणाला, काकूंना बोलवा. मी फोटो बाजूनं दाबत जातो, बरोबर वाटला की त्यांनी थांब म्हणावं. इतका सोपा उपाय मला सुचला नाही, याचं त्याला थोडं वाईटही वाटलं. मला तेव्हाच नको म्हणायला हवं होतं. पण दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून मी अश्विनला फोन केला.

शेवंताबाई अश्विनसोबत डोक्यावरचा पदर सावरत आल्या. दाराशीच दबकल्या. तेरवीआधी बाजाराच्या बाजूनं येणं त्यांना नको होतं, पण आल्या. भूपेंद्रनं त्यांना पडद्यासमोर बसवलं आणि माउसनं फोटोची कड धरून आत सरकवायला लागला. गोमाजी रुंद होता तो थोडा कमी रुंद झाला. मग बरा. मग बारीक. मग सुरईसारखा. भूपेंद्र परत मागे आला. सांगा काकू, कुठं थांबू, इथं, का इथं? जाता-येता तो मधेच थांबायचा आणि हा चांगला दिसते, असं आपलंही मत द्यायचा. साडी निवडताना दुकानदार देतो तसं.

शेवंताबाई आधी पुढे वाकून पाहत होत्या. नंतर मागे झाल्या. नंतर त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडून पाहिलं, पुन्हा मिटले. भूपेंद्र विचारत होता, हा? मग हा? त्या उठल्या. बाहेर येऊन माझ्या बाजूला उभ्या राहिल्या आणि अगदी हळू बोलल्या, मुलाला ऐकू जाऊ नये म्हणून.

"गुरुजी, एवढे चेहरे पाह्यले त्यानं दाखवलेले. आता डोळे मिटले का तेच येतेत. सकाळपर्यंत मले त्याईचा चेहरा आठवत होता. आता आठवून नाई राहिला."

त्या घराकडे गेल्या. आत भूपेंद्र अश्विनला सांगत होता की बायामाणसांचं नक्की होत नाही, तूच एक पसंत कर, मी प्रिंट मारतो.

मी त्याच्याकडून ती चौरस फाइल पेनड्राइव्हवर घेतली. त्याला म्हटलं, तू आता काही करू नकोस. माझं हे वाक्य त्यानं पंचवीस वर्षांपूर्वी ऐकायला हवं होतं.

संध्याकाळी माझ्या ओसरीवर मुलं येतात. पाचवी ते आठवीची, दहा-बारा. शाळेत जे घाईत होतं ते आम्ही सावकाश करतो. माझ्या मुलीनं दिलेला जुना लॅपटॉप आहे, त्यावर मी त्यांना कधी नकाशे दाखवतो, कधी चांदण्या. त्या दिवशी गोमाजी आजोबांचा फोटो दाखवला. मुलं हसली नाहीत. त्यांनी भूपेंद्रकडचे इतके फोटो पाहिलेले की त्यांना त्यात काही विशेष दिसलं नाही.

मी फोटो मोठा मोठा करत गेलो. चेहरा गेला आणि पडद्यावर रंगाची चौकोनी घरं घरं उरली. हे पिक्सेल, मी सांगितलं. दोनशे चाळीस घरं आडवी, दोनशे चाळीस उभी. फोटो म्हणजे एवढंच. आता प्रश्न असा: हा फोटो आडवा ताणलेला आहे. किती ताणला ते कोणाला ठाऊक नाही. किती दाबला म्हणजे तो पुन्हा खरा होईल, हे कसं ओळखायचं? अंदाजानं सांगायचं नाही. अंदाज एका माणसानं दुपारी करून पाहिला आहे.

मुलं विचार करत बसली. मुलांना विचार करू दिला पाहिजे, मधे बोलू नये. एक जण म्हणाला, दुसरा फोटो आणून जुळवू. दुसरा फोटो नाही. एक म्हणाला, शर्टाची गुंडी गोल असते, ती गोल होईपर्यंत दाबू. हे फार चांगलं उत्तर होतं, मी त्याची पाठ थोपटली. आम्ही गुंडी शोधली. ती तीनच घरांची निघाली. तीन घरांत गोल काय आणि लांबट काय, काहीच कळेना. पण आता सगळ्यांना रस्ता कळला होता. फोटोत अशी वस्तू शोधायची, जिचा खरा आकार आपल्याला ठाऊक आहे.

मंजुषा सहावीत आहे, कोष्टीपुऱ्यातच राहते, गोमाजीच्या घरापासून तिसऱ्या घरात. ती लॅपटॉपच्या जवळ येऊन गोमाजीच्या छातीकडे पाहत होती. खांद्यावरून त्याचाच एक दुपट्टा सरळ खाली लोंबत होता, निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा.

"गुरुजी, हे चौकडी लांबट दिसून राहिली," ती म्हणाली. "गोमाजी आजोबाची चौकडी लांबट नसते."

"कशावरून नसते?"

"त्याईनं लांबट विणलीच नाई कधी."

हे कारण नाही, मी म्हटलं, ही आपली माया झाली. सिद्ध कर. ती चप्पल न घालता पळत गेली आणि घरून दुपट्टा घेऊन आली. तिच्या आजोबांकडे होता, गोमाजीनंच दिलेला. सोबत शेवंताबाई आल्या. दुपट्टा कशाला हवा, हे मंजुषानं त्यांना धावता धावता सांगितलं असावं.

चौकडी चौरस आहे हे पट्टी न लावता कसं पाहायचं, ते आम्हाला शेवंताबाईंनी दाखवलं. दुपट्ट्याची एक चौकडी चिमटीत धरली आणि कोपऱ्यावर कोपरा ठेवून तिरकी घडी घातली. चौकडी चौरस असेल तर कडेवर कड येते आणि नसेल तर एका बाजूनं जिभेसारखा तुकडा बाहेर राहतो. काहीच बाहेर राहिलं नाही. दुसरी घेतली, तिसरी घेतली. मुलांनी हातात घेऊन स्वतः घड्या घालून पाहिल्या. शेवंताबाई सांगत होत्या, मागावर ताण्याला, म्हणजे उभ्या दोऱ्यांना, ओढ असते, म्हणून तिथं चौकडी थोडी लांब विणावी लागते. कापड उतरलं की ते अंग चोरतं आणि मग चौकडी चौरस होते. किती लांब ठेवायची ते प्रत्येक विणकराचं वेगळं. गोमाजी मागावरून उतरलेला प्रत्येक दुपट्टा अशी घडी घालून पाहायचा. जीभ बाहेर राहिली तर तो बाजारात न्यायचा नाही, घरात फडक्याला द्यायचा.

"आमच्या घरी फडकेच फडके," त्या म्हणाल्या. त्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या आवाजात कुरबुर ऐकली.

मग आम्ही मोजायला बसलो. मंजुषा पडद्यावर बोट ठेवून घरं मोजत होती, बाकीचे तिच्यामागे मोठ्यानं मोजत होते. चौकडी आडवी सोळा घरं. उभी बारा. शेजारची, सोळा आणि बारा. तिच्या खालची, कापड जरा वळलेलं होतं तिथं, पंधरा आणि बारा. ती सोडली. अजून चार सरळ लोंबणाऱ्या मोजल्या. सोळा आणि बारा.

"आता?" मी विचारलं.

"सोळाचे बारा करा लागतीन."

"म्हणजे?"

तिनं बोटांवर काहीतरी केलं. "पाऊणपट," म्हणाली. "सगळ्याच फोटोची रुंदी पाऊणपट. दोनशे चाळीसची..." मागून दोघा-तिघांनी एकदम एकशे ऐंशी सांगितलं. तिनं त्यांच्याकडे रागानं पाहिलं, कारण ते ती सांगणार होती.

मी तिलाच लॅपटॉपवर बसवलं. रुंदीच्या चौकटीत तिनं एकशे ऐंशी लिहिलं, उंचीला हात लावला नाही. साखळी इथं सोडावी लागते, कारण बिघडवलेलं परत करायचं आहे. एवढ्या एकाच कामाला ती सोडायची असते, हे मी मुलांना दोनदा सांगितलं. बटण दाबण्याआधी मी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. शेवंताबाईंना अजून दाखवायचं नव्हतं. पडद्यावरचे चेहरे त्यांनी दुपारी पुरेसे पाहिले होते.

चौकड्या चौरस झाल्या. वर जो चेहरा होता तो त्या फ्रेमपायी मीही विसरायला लागलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी तो छापायला भूपेंद्रकडे नेला. दुसरीकडे जायला हवं होतं, पण प्रिंटर त्याचाच जवळ. त्यानं फोटो उघडला, बरा झाला म्हणाला आणि फ्रेमच्या मापात वाढवायला लागला. मी हात धरला. त्याला सांगितलं, यात आडवी एकशे ऐंशी घरं आहेत, तेवढीच छापायची. वाढवशील तर एका दोऱ्याचे आठ दोरे होणार नाहीत, एकच दोरा आठपट जाड होईल. ज्या कापडात जेवढे दोरे विणले तेवढंच कापड. त्याच्या चेहऱ्यावर चौथीतला जुना भाव आला: उत्तर काय ते सांगा, रीत राहू द्या.

"काडीपेटीएवढा फोटो तेरवीत कोण ठेवते, गुरुजी? लोकं हासतीन."

"हसू दे. ते तुझ्या तळ्यातल्या कमळांना नाही हसले."

त्यानं छापला. मग मला बरं वाटावं म्हणून असेल, किंवा टोमणा म्हणून असेल, बाहेर पडताना मागून म्हणाला, "तुमच्या हयातीच्या दाखल्याचा फोटो बी मीच बसवतो जी, चार साल झाले. तुमी तं कधी काई म्हटलं नाई."

मी घरी येऊन दाखला काढून पाहिला. खरं होतं. चार वर्षं पसरट तोंडानं जिवंत आहे. तोंड भरल्यासारखं दिसतंय, असं पहिल्या वर्षी वाटलं होतं, हेही आठवलं. चौथीत ज्यानं त्याला पास केलं तोच हा. तो दाखला मी परत कपाटात ठेवून दिला.

तेरवीच्या दिवशी ती आडवी फ्रेम नाही ठेवली. पाटावर पांढरं कापड, त्यावर एक छोटी उभी चौकट, काडीपेटीहून जरा मोठी. नातेवाईक वाकून वाकून पाहत होते, इतका लहान कशाला केला म्हणून आपापसांत बोलत होते. एकानं तर अश्विनला बाजूला घेऊन विचारलं, भूपेंद्रकडे मोठा होतो ना, मग? त्यांना मोठा हवा होता. कोणाचा, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात येत नव्हता.

शेवंताबाई सगळ्यांच्या शेवटी पाटाजवळ आल्या. गुडघ्यावर बसून अगदी जवळ गेल्या, सुईत दोरा ओवताना जावं इतक्या. मग बोट पुढे केलं आणि फोटोत शर्टाच्या डाव्या कॉलरवर टेकवलं. कॉलर आत दुमडलेली होती. मोठ्या फ्रेममध्येही ती तशीच होती, पण त्यांनी कधी तिकडे बोट दाखवलं नव्हतं.

"फोटो काढाले जाता तं कॉलर सरळ करून जा, म्हणून सांगतलं होतं त्याईले," त्या म्हणाल्या. "ऐकतेत का कोणाचं."

आणि बोटानं ती कॉलर सरळ करायला लागल्या, काचेवरून, दोन-तीनदा. मग पदर डोळ्यांना लावला आणि हार घातला. हार फोटोपेक्षा मोठा होता. गोमाजी झाकला जाऊ नये म्हणून त्यांनी तो दोन वेढे देऊन लहान केला.

महिना झाला असेल. मी त्यांच्याकडे बसलो असताना भूपेंद्र आला. तेरवीला त्यानं दोनदा पंगतीत बसून जेवण केलं होतं आणि फोटो सुधारल्याची गोष्ट सगळ्यांना आपल्या नावानं सांगितली होती. आता सेंटरवर पाटी लावली होती, जुने फोटो खऱ्या मापात करून मिळतील. त्यासाठी गोमाजीचा एक दुपट्टा हवा होता. माझ्यासमोरच त्यानं सारं समजावून सांगितलं. गिऱ्हाइकाच्या खांद्यावर चौकडीचा दुपट्टा टाकायचा आणि फोटो काढायचा. मग?

"मग फोटो बरोबर बसते," तो म्हणाला.

साखळीचं काय, असं मी विचारलं. ती तर आधीच तोडावी लागते ना, असं त्यानं मलाच विचारलं.

शेवंताबाईंनी आतून एक दुपट्टा आणला, निळा-पांढरा, इस्त्रीची घडी न मोडलेला. त्याच्या हातात दिला.

"चौरस आहे का, पाहून सांग आधी."

भूपेंद्रनं दुपट्टा झटकून उघडला, उजेडात धरला, आडवा केला, उभा केला, पुन्हा आडवा केला. पट्टी आहे का म्हणून विचारलं. नाही म्हटल्यावर दोन टोकं धरून जरा ताणून पाहिला.

शेवंताबाईंनी तो त्याच्या हातातून काढून घेतला, कोपऱ्यावर कोपरा ठेवून घडी केली आणि आत नेऊन ठेवला.